सोहमनं फाउल का केला नाही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा या विषयाला बगल देऊन पुढे सटकते, म्हणजे बघा काय निर्लज्जपणा! सांगायला बसले की आधी भलतंच काहीतरी बोलत सुटते. आताही तसंच होणार आहे, मला माहीत आहे.

विषय बास्केटबॉलचा आहे. हसलात ना? हसा. पन्नाशी उलटलेली नागपूरची बाई, दिवसभर सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, गुरुवारी उपास करते — हिचा आणि बास्केटबॉलचा काय संबंध? पण इथे अमेरिकेत, आमच्या श्रूजबरीतल्या मराठी घरांत या खेळातलं जिला खरंच काही कळतं, अशी मी एकटी. पुरुषांना क्रिकेट कळतं, तेही टीव्हीपुरतं. मी मात्र माझ्या मुलापायी, तनयपायी, आठ वर्षं शाळेच्या जिमच्या लाकडी पायऱ्यांवर बसले, थर्मासातला चहा पीत. कुणाचा पाय कुठे पडला, कोण दमल्यावर हात खाली सोडतो, मला लगेच दिसतं. चुका शोधणं हा तर माझा धंदाच आहे. कुठे झालं, कशानं झालं, कुणामुळे झालं, हे नीट लिहून पाठवायचं, त्याचाच मला पगार मिळतो.

मृणाल माझी मैत्रीण. पुण्याची, तीन घरं सोडून राहते. सोहम तिचा मुलगा, तनयच्याच वयाचा. त्यांचा घरापुढचा ड्राइव्हवे उताराचा, बॉल सुटला की थेट रस्त्यावर जायचा, म्हणून दोघंही पोरं आमच्याकडे खेळायची. हूप आमचा, बॉल आमचा, पाण्याच्या बाटल्याही आमच्याच. डिफेन्स, म्हणजे समोरच्याला अडवणं, मी शिकवला दोघांना. खांद्यांकडे बघू नका रे, खांदे फसवतात. समोरच्याच्या कमरेवर नजर ठेवा. तनय कंटाळायचा. सोहम ऐकायचा. ‘काकू, परत एकदा’ म्हणायचा. मृणाल तेव्हा गाडीत बसून ऑफिसचे कॉल घ्यायची. तिला अजूनही कळत नाही की दोन पॉइंट कधी आणि तीन कधी. समोरच्या टीमनं बास्केट केली तरी टाळ्या वाजवते. सगळ्यांना ती आवडते. मलाही आवडते — आवडायची — नाही, आवडते.

शाळेच्या शेवटच्या वर्षी तनय टीमच्या पहिल्या पाचांत होता आणि सोहम बाकावर. त्या वर्षी मी मृणालला काय प्रेमानं समजावलं! अगं, सगळ्यांनाच कुठे जमतं, हुशार आहे तुझा, अभ्यासात चमकेल. माझं मन तेव्हा मोठं होतं. आपलं पोर पुढे असताना मन मोठं ठेवायला काय जातं हो?

मग एका रविवारी वरणभात कालवता कालवता तनय म्हणाला, ‘आई, आय ॲम डन विथ बास्केटबॉल. इट वॉज काइंड ऑफ युवर थिंग.’ भांडण नाही, रडारड नाही. लोणचं मागितलं त्यानं. पुढे अकाउंटिंग घेतलं, सुखात आहे, पोरगा गुणी आहे. माझी काही तक्रार नाही, असं मी सगळ्यांना सांगते.

आणि सोहम? बाकावरचा सोहम कॉलेजात गेला, तिथल्या टीमची निवड चाचणी देऊन आला आणि चक्क आत शिरला. स्कॉलरशिप नाही, काही नाही. वॉक-ऑन म्हणतात अशा मुलांना. दोन वर्षं कोपऱ्यात बसून टॉवेल हलवले त्यानं. तिसऱ्या वर्षी कोच त्याला शेवटच्या मिनिटांत उतरवायला लागला, फक्त डिफेन्ससाठी. डिफेन्स! माझ्या ड्राइव्हवेत, माझ्या तोंडून शिकलेला.

अभिमान वाटायला हवा होता, नाही का? पोटात दुखलं माझ्या. साधं सरळ पोटात दुखलं. टीव्हीवरचा माणूस त्याचं नाव ‘सो-हॅम’ असं वाकडंतिकडं घ्यायचा आणि मी सोफ्यावर बसून जळायची. ही जागा तनयची होती, असं मनात यायचं. तनयला ती नको होती, हे मला ठाऊक होतं, तरी यायचं. मृणाल कॉलेजचा टी-शर्ट घालून इंडियन स्टोअरमध्ये कोथिंबीर निवडायची, लोक थांबून तिचं अभिनंदन करायचे, आणि ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची, सगळं श्रेय हिचं. त्यानं तर अंगाचा आणखी तिळपापड व्हायचा. श्रेय माझं आणि पोरगा हिचा!

तर ती मॅच. मार्चमधल्या शनिवारची दुपार. जिंकलं तर कॉलेज देशपातळीच्या स्पर्धेत जाणार होतं, कित्येक वर्षांत पहिल्यांदा. मृणालकडे बारा-पंधरा माणसं जमलेली, मिसळीचा घमघमाट. देव पाण्यात घालून बसलेत असं आपण नुसतं म्हणतो. हिनं खरंच घातला होता, टीव्हीशेजारी स्टीलच्या पातेल्यात गणपती, सकाळपासून. सहा सेकंद उरले तेव्हा आपण एका पॉइंटनं पुढे होतो. कोचनं टाइमआउट घेतला आणि सोहमला उतरवलं. त्यांचा सगळ्यात चांगला खेळाडू बॉल घेऊन आला, उजवीकडे दोन पावलं, थांबला, उडाला. सोहम समोर, हात वर. बॉल त्याच्या बोटांवरून गेला. भोंगा वाजला तेव्हा बॉल हवेत होता, आणि मग तो आत गेला. आपण हरलो.

मृणालनं टाळी वाजवली. एकच. मग सगळ्यांची तोंडं पाहिली आणि हात मांडीवर ठेवले.

आणि मला — कसं सांगू — मला बरं वाटलं. छातीवरचं ओझं कुणीतरी उचलावं तसं बरं. चेहरा मी पाडला होता, ते मला छान जमतं. पण आत बरं वाटलं होतं.

लगेच सगळे माझ्याकडे वळले. ताई, हे काय झालं? तेवढ्यात टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून मृणालच्या दिराचा, प्रसादचा फोन. स्पीकरवर तो ओरडत होता, अरे यार, फाउल का नाही केला त्यानं? मी समजावून सांगितलं. त्या वेळी आपल्या टीमला एक फाउल फुकटात करता येत होता. त्यावर समोरच्याला फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता मारायचा शॉट, मिळत नाही, नुसता खेळ थांबतो, दोन-तीन सेकंद जातात आणि त्यांना पुन्हा पहिल्यापासून बॉल आत टाकावा लागतो. शॉट मारायच्या आधी सोहमनं नुसता त्याचा हात धरला असता तरी चाललं असतं. मग का नाही धरला, असं सगळ्यांनी विचारलं. रिप्ले बघावा लागेल, म्हणाले मी.

आता एक गोष्ट मधेच सांगायला हवी. त्या कॉलेजच्या चाहत्यांचा एक ऑनलाइन फोरम होता आणि मी तिथे दोन वर्षं टोपणनावानं लिहीत होते. प्रत्येक मॅचनंतर लांबलचक, मुद्देसूद, ऑफिसात डिफेक्ट रिपोर्ट लिहिते तसं. लोक मला कुणी रिटायर झालेला कोच समजायचे. ‘सर’ म्हणायचे! मी कधी सुधारलं नाही. घरात माझं ऐकणारं कोण होतं? तिथे पाच-पन्नास लोक माझ्या मताची वाट बघत असायचे.

त्या संध्याकाळी फोरमवर नुसती जत्रा. एक म्हणे पोराचं चुकलं, फाउल करायलाच हवा होता. दुसरा म्हणे कोच बिनडोक आहे, दोन माणसं अंगावर पाठवायची होती. कुणी म्हणे हात तोंडासमोर होता, याहून चांगला डिफेन्स होत नाही, समोरच्याचा शॉटच भारी. एक जण स्वतःला जुना रेफरी म्हणवायचा. त्याचं म्हणणं, उशिरा फाउल केला असता तर उलट त्यांनाच फ्री थ्रो मिळाले असते. एकानं तर व्हिडिओ थांबवून थांबवून सोहमच्या बुटांवर लाल रेघा मारल्या होत्या. आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: टाइमआउटमध्ये कोचनं त्याला सांगितलं काय होतं? शेवटी सगळं तिथेच येऊन अडत होतं. सर, तुम्ही काय म्हणता, असं मला चौघांनी विचारलं. मी काही लिहिलं नाही. खरंच नाही लिहिलं, त्या दिवशी.

रविवारी सकाळी मृणाल माझं पातेलं परत द्यायला आली. डोळे सुजलेले. ओट्याशी उभी राहून म्हणाली, “सोहमचा फोन आला होता. कोचनं म्हणे बजावलं होतं, काही झालं तरी फाउल करायचा नाही. म्हणजे काय गं? हे चांगलं की वाईट?”

तिला खरंच कळत नव्हतं हो. म्हणून तर माझ्याकडे आली होती. इतकी वर्षं ती या खेळातलं सगळं माझ्याकडूनच समजून घ्यायची. आणि मला एका क्षणात कळलं. चूक कोचची. पोरानं सांगितलं तेच केलं आणि चोख केलं. ही एक ओळ बाहेर आली तर सगळा वाद मिटतो, पोरगा सुटतो.

मी काय सांगितलं तिला? सांगितलं, काही नाही गं, खेळात असं चालायचंच. पण हे कुणाला बोलू नकोस हं, कोचवर खापर फोडतोय असं दिसेल, त्यालाच जड जाईल. घरात सगळ्यांना बजाव. तिनं मान हलवली. माझा शब्द तिनं आजवर पाळलाय.

ती गेली. मी कपडे ड्रायरमध्ये टाकले, वॉशरवर लॅपटॉप ठेवला आणि उभ्या उभ्या तीन ओळी लिहिल्या. घरच्यांच्या अगदी जवळच्या माणसाकडून कळलंय, लिहिलं. कोचनं फाउल कर असं स्पष्ट सांगितलं होतं. पोरगा घाबरला आणि विसरला. इंग्रजीत, स्पेलिंग तपासून. टोपणनावाच्या दोन वर्षांच्या अब्रूसकट पाठवलं आणि मग टॉवेलांच्या घड्या घातल्या.

मी चवताळले होते, कशावर ते सांगता येणार नाही, पण बोटं अगदी स्थिर होती. ती ‘हे चांगलं की वाईट’ म्हणाली ना, त्याचाच राग आला मला. इतकं न कळणाऱ्या बाईला असा मुलगा मिळतो, आणि मी...

दुपारपर्यंत ती गोष्ट खरी झाली. सरांना आतून कळलंय म्हटल्यावर वाद संपलाच. जुन्या रेफरीनंही माघार घेतली. पत्रकारांनी कोचला विचारलं तर तो म्हणाला, आम्ही जिंकतो एकत्र, हरतो एकत्र. त्याला काय, आयती ढाल मिळाली. सोहमचे डोळे विस्फारलेला एक फोटो सगळीकडे फिरला, खाली लिहिलेलं, ‘काय करायचं होतं बरं?’ कॉलेजच्या मेसमध्ये पोरं त्याला बघून मुद्दाम एकमेकांचे हात धरायची. तो बोलू शकला असता, पण टीममधलं बाहेर बोलायचं नाही, हे त्याला शिकवलेलं. एप्रिलमध्ये कोचनं बोलावून सांगितलं की पुढच्या वर्षी नवी मुलं आहेत, तुझ्यासाठी फ्रेश स्टार्ट बरा. झालं, टीममधून बाहेर. चौथं वर्ष त्यानं नुसता अभ्यास केला.

मी लिहिलं नसतं तरी हे झालं असतं का? असेलही. कोचला स्वतःची कातडी वाचवायचीच होती. या विचाराला मी बराच काळ लोंबकळले. आता नाही.

मधे मृणाल फोन हातात घेऊन आली. माझ्याच तीन ओळी तिनं माझ्याच स्वयंपाकघरात मला वाचून दाखवल्या. घरच्यांच्या जवळचा म्हणजे कोण असेल गं? असं खोटं आपल्याच माणसानं का लिहावं? मी आलं किसत होते. किसत राहिले. शेवटी तीच म्हणाली की प्रसाद असणार, तोच फाउल फाउल करत ओरडत होता. नाही गं, असं म्हणायला किती वेळ लागतो? मी चहा गाळला. मृणालनं दिराशी बोलणं तोडलं. त्याच्या मुलीच्या ग्रॅज्युएशनला कुणी फ्रिस्कोला गेलं नाही, आणि त्याला अजूनही कळलेलं नाही की त्याचा गुन्हा काय. त्या दिवशी ती गेल्यावर मी फोरमवरचं माझं खातं पुसून टाकलं. माझ्या ओळींचे फोटो तोवर गावभर झाले होते.

तुम्हाला वाटेल, हेच ते. मलाही वाटायचं, इतकंच सांगावं आणि मोकळं व्हावं. पण हे नाही. म्हणजे हे आहेच, पण याच्याही पुढचं आहे.

त्या उन्हाळ्यात सोहम घरी होता. जूनमधली दुपार, मी ड्राइव्हवेत कुंड्यांना पाणी घालत होते. तो चालत आला. वाळला होता. इकडचं तिकडचं बोलला, तनयची चौकशी केली. मग खिशातून फोन काढला आणि ते शेवटचे सहा सेकंद माझ्यासमोर धरले. म्हणाला, “काकू, आई-बाबा विल जस्ट से आय वॉज ग्रेट. तुम्हाला गेम कळतो. फाउलचं सोडा, माझा डिफेन्स चुकला का? खरं सांगा.”

मी फोन हातात घेतला. उन्हात दिसेना, म्हणून गॅरेजच्या सावलीत गेले. तीनदा पाहिलं. गुडघे वाकलेले. नजर कमरेवर. समोरचा थांबला तेव्हा सोहमही थांबला, तो उडाला तेव्हा सोहमही उडाला, हात सरळ, बोटं ताणलेली. एवढी वर्षं मी मुलांच्या चुका शोधत आलेय. यात नव्हती. मला आयुष्यात एकदाच असं बघायला मिळालं की मी शिकवलेलं कुणीतरी जसंच्या तसं करून दाखवलं. आणि तो तनय नव्हता.

त्याला तेवढंच हवं होतं. टीम गेली होती, नाव गेलं होतं. निदान आपण बरोबर खेळलो होतो, एवढं एक त्याला हवं होतं आणि ते देऊ शकणारी जगात मी एकटी होते. त्याला माहीत होतं ते. मलाही माहीत होतं.

मी म्हणाले, “अर्धं पाऊल मागे राहिलास रे.”

त्यानं मान हलवली. ‘याह, आय फिगर्ड. वाटलंच होतं,’ म्हणाला. फोन खिशात ठेवला आणि माझे आभार मानले, कारण खरं बोलणारी मीच एकटी उरले होते म्हणे. कुंड्यांना पाणी घालायला मदत केली आणि गेला. तेव्हापासून त्यानं बॉलला हात लावलेला मी पाहिला नाही.

आता तो वूस्टरला नोकरी करतो. मागच्या दिवाळीला मराठी मंडळाच्या कार्यक्रमात, शाळेच्या हॉलमध्ये फराळाच्या रांगेत एका काकांनी त्याला छेडलं, काय रे, तो शॉट कसा सोडलास तू? सोहम हसला. अगदी सहज म्हणाला, “अर्धं पाऊल लेट होतो, काका. माझीच चूक.” मृणाल शेजारी होती. तिनंही काकांना समजावलं, हो ना, अर्ध्याच पावलानं हुकला हो. ती आता या खेळातलं एवढं एक वाक्य खात्रीनं बोलते.

मी त्यांच्या मागे उभी होते, हातात प्लेट घेऊन. तो लेट नव्हता. रांग पुढे सरकली आणि मी चकली वाढून घेतली.